गटाने निर्णय घ्यायचा आहे: जाणकार माणसं निवडावीत की वेगवेगळी?

समिती किंवा निवडमंडळ बसवायची वेळ आली की एक वाद ठरलेला असतो. काही जण म्हणतात, विषयातले सर्वांत जाणकार पाच जण घ्या. काही म्हणतात, वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसं घ्या, निर्णय आपोआप सुधारेल. दोघंही कुवत आणि वैविध्य यांना तराजूच्या दोन पारड्यांत टाकतात, जणू एक वाढलं की दुसरं कमी होणारच. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकाच हिशेबाचा भाग आहेत आणि तो हिशेब कागदावर करता येतो. शाळेतलं गणित त्याला पुरतं. ज्यांना पहिल्यांदाच गट बांधायचा आहे किंवा चालवायचा आहे, त्यांच्यासाठी तो हिशेब आणि त्यातून निघणारी कामाची पद्धत इथे क्रमाने दिली आहे.

आधी हिशेब

एखादं काम किती दिवसांत पुरं होईल याचा अंदाज हवा आहे, आणि पुढे ते ४० दिवसांत पुरं होतं असं धरा. पहिल्या गटातल्या तिघांनी ४६, ४७ आणि ४८ असे अंदाज दिले होते. तिघंही कसलेले, कुणाचीच चूक ८ दिवसांपलीकडे नाही. दुसऱ्या गटाने ३१, ३९ आणि ५३ असे अंदाज दिले. त्यातला एक ९ दिवसांनी चुकला आणि एक तर १३ दिवसांनी. तरी पहिल्या गटाची सरासरी ४७ येते आणि दुसऱ्याची ४१.

यात नशिबाचा भाग आहेच, पण त्यामागचं सूत्र नशिबावर अवलंबून नाही. गटाच्या सरासरीतल्या चुकीचा वर्ग म्हणजे सदस्यांच्या चुकांच्या वर्गांची सरासरी, वजा अंदाजांमधली फाटाफूट. फाटाफूट काढताना प्रत्येक अंदाज गटाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचं, त्या अंतरांचे वर्ग करायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. पहिल्या गटासाठी हे ४९.६७ − ०.६७ = ४९ असं येतं आणि दुसऱ्यासाठी ८३.६७ − ८२.६७ = १. हे समीकरण कोणत्याही आकड्यांसाठी खरं ठरतं. अमेरिकन अभ्यासक स्कॉट पेज यांनी ते निर्णयशास्त्राच्या चर्चेत आणून रुजवलं.

बरेच लेख इथेच थांबतात आणि वाचक ‘वैविध्य म्हणजे फायदा’ एवढंच घेऊन जातो. म्हणून दुसऱ्या गटात आता चौथा माणूस बसवा. त्याला विषयाची काहीच कल्पना नाही आणि तो १०० दिवस सांगतो. फाटाफूट ८२.६७ वरून सुमारे ७१५ वर जाते. पण सदस्यांच्या चुकांच्या वर्गांची सरासरी ८३.६७ वरून ९६२.७५ वर गेलेली असते, म्हणून गटाची सरासरी ५५.७५ होते आणि चुकीचा वर्ग १ वरून २४८ वर पोहोचतो. वैविध्य जवळपास नऊ पट झालं आणि निर्णय बिघडला. फाटाफूट वाढवताना चुकांच्या वर्गांची सरासरी त्याहून कमी वाढली पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी ही एक अट सांभाळण्यासाठी आहे.

पायरी १: प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

माणसं निवडण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याची जात ओळखा. गट कशाच्या जोरावर जिंकतो हे कामाच्या प्रकारावर ठरतं. मानसशास्त्रज्ञ इव्हान स्टायनर यांनी १९७२ मध्ये केलेली वर्गवारी आजही उपयोगी पडते.

अंदाजाचे प्रश्न (किती, कधी, किती टक्के शक्यता) सरासरीवर चालतात, त्यामुळे वरचा हिशेब त्यांना थेट लागू होतो. वैविध्याचा सर्वांत स्वस्त फायदा इथे मिळतो.

होय-नाही किंवा दोनातून एक अशा प्रश्नांत मतं मोजली जातात. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्येच दाखवलं की प्रत्येक जण निम्म्याहून जास्त वेळा बरोबर असेल आणि स्वतंत्रपणे मत देत असेल, तर गट मोठा होईल तसं बहुमत अधिक अचूक होतं. १०० पैकी ६० वेळा बरोबर ठरणारे पाच जण घेतले तर बहुमत सुमारे ६८ टक्के वेळा बरोबर येतं, सात जण घेतले तर ७१ टक्के, अकरा जण घेतले तर ७५ टक्के. म्हणजे ७० टक्के अचूक असलेला एकटा जाणकार अशा पाच जणांना भारी आहे, पण सात जण त्याला मागे टाकतात. त्याच नियमाची दुसरी बाजू धोक्याची आहे. प्रत्येक जण फक्त ४० टक्के वेळा बरोबर असेल तर अकरा जणांचं बहुमत जेमतेम २५ टक्क्यांवर घसरतं. सगळ्यांचा गैरसमज एकच असेल तर माणसं वाढवून तो फक्त पक्का होतो.

तिसरी जात कोड्यांची. उत्तर एकदा सापडलं की सगळ्यांना ते पटतं, उदाहरणार्थ यंत्रातला बिघाड किंवा प्रोग्राममधली चूक. इथे सरासरीला अर्थ नाही, एकाला सापडलं की पुरे. शोधण्याच्या वाटा जितक्या वेगळ्या तितकी कुणीतरी पोहोचण्याची शक्यता जास्त, कारण एकाच पद्धतीने शिकलेले पाच जण एकाच जागी अडकतात. लू हाँग आणि स्कॉट पेज यांचा २००४ मधला गाजलेला निबंध या जातीबद्दल आहे. त्यांच्या गणिती प्रतिमानात (मॉडेलमध्ये) वेगवेगळ्या पद्धती वापरणारा, यादृच्छिक निवडलेला गट एकेकट्याने सर्वोत्तम ठरणाऱ्यांच्या गटापेक्षा सरस ठरला. तो निकाल काही अटींवर उभा आहे: प्रश्न अवघड हवा, निवडीसाठी माणसांचा साठा मोठा हवा, आणि प्रत्येकाला विषयात गती हवी. गणितज्ञ अबिगेल थॉम्पसन यांनी २०१४ मध्ये त्यावर कडक टीका केली. निष्कर्षाचा बराच भाग गृहीतकांतच बसवलेला आहे आणि त्यावरून प्रत्यक्ष जगातल्या गटांबद्दल दावे करता येत नाहीत, असा तिचा रोख होता. ही टीका गंभीरपणे घ्यायला हवी. ‘वैविध्य कुवतीला हरवतं’ हे वाक्य त्या निबंधाच्या नावावर सरसकट खपवणं चूक आहे.

चौथी जात साखळीच्या कामांची. सगळ्यांनी आपापला भाग नीट केला तरच काम होतं आणि सर्वांत कमकुवत दुवा निकाल ठरवतो. इथे किमान कुवतीवर तडजोड नको. वैविध्याचा विचार फक्त प्रत्येक भागाला योग्य माणूस शोधण्यापुरता करा.

पाचव्या जातीच्या प्रश्नांना बरोबर उत्तरच नसतं: काय महत्त्वाचं, कुणाला प्राधान्य, किती धोका पत्करायचा. त्यांत अचूकतेची भाषा लावू नका. निर्णयाचे परिणाम ज्यांना भोगायचे आहेत ते लोक तिथे असलेच पाहिजेत, आणि त्यांनी अचूकता वाढवून दाखवावी अशी अट त्यांच्यावर घालणं अन्यायाचं आहे. पुष्कळ प्रश्न मिश्र असतात. ते आधी तोडा: ‘खर्च किती येईल’ हा अंदाज वेगळा आणि ‘एवढा खर्च करावा का’ हा मूल्याचा प्रश्न वेगळा. दोन्ही एका बैठकीत एकत्र चर्चेला आले की बोलक्या माणसाची आवड अंदाजाच्या आकड्यात शिरते.

पायरी २: किमान पातळी ठरवा

१९०७ मध्ये ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रदर्शनातल्या स्पर्धेचा हिशेब छापला. बैल कापून साफ केल्यावर त्याचं वजन किती भरेल, हे लोकांनी ओळखायचं होतं. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) १२०७ पौंड आला आणि खरं वजन ११९८ पौंड होतं. ही गोष्ट ‘कुणालाही विचारा, गर्दी शहाणी असते’ अशा थाटात सांगितली जाते. पण भाग घ्यायला सहा पेनी मोजावे लागत होते, त्यामुळे थट्टेखातर भरलेल्या चिठ्ठ्या टळल्या. बक्षिसाचं आमिष होतं. भाग घेणाऱ्यांत खाटीक आणि शेतकरी होते. आणि प्रत्येकाने आपला आकडा स्वतंत्रपणे लिहिला होता. किमान जाण आणि स्वतंत्र मत, दोन्ही तिथे हजर होतं.

तुमच्या गटासाठी किमान पातळी अशी तपासा: या प्रकारच्या प्रश्नात हा माणूस नुसत्या ढोबळ नियमापेक्षा (मागच्या वेळचाच आकडा, किंवा नाणेफेक) बरा ठरतो का? ठरत नसेल तर त्याची माहिती जरूर घ्या, त्याला साक्षीला बोलवा, पण त्याचा आकडा सरासरीत धरू नका.

पदवी, पद आणि वर्षांचा अनुभव हे कुवतीचे कच्चे पुरावे आहेत, नोंद हा पक्का पुरावा. टक्क्यांत दिलेल्या शक्यतांसाठी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेली मोजणी वापरा. घटना घडली तर १ आणि नाही घडली तर ०, त्यातून सांगितलेली शक्यता वजा करा, वर्ग करा, आणि सगळ्या प्रश्नांची सरासरी काढा. दर वेळी ५० टक्के सांगणाऱ्याला ०.२५ मिळतात, म्हणून ज्याचा आकडा सातत्याने त्याहून मोठा येतो तो किमान पातळीच्या खाली आहे.

नोंद छोटी असेल तर मात्र सावध राहा. दहापैकी सात वेळा बरोबर आलेला माणूस जाणकार वाटतो, पण निव्वळ नाणेफेक करणाऱ्यालाही सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के असते. सहा जण नाणी उडवत बसले तर त्यातला एखादा असा ‘तज्ज्ञ’ निघणं अगदी साहजिक आहे.

पायरी ३: चुका एकाच बाजूला पडतात का ते पाहा

हे काम सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं तेच आहे. वैविध्य म्हणजे अर्जावरच्या रकान्यांतला फरक, असं धरून लोक मोकळे होतात. वय, लिंग, भाषा, प्रांत वेगळे असलेले दोघे एकाच संस्थेत शिकले असतील, एकच अहवाल वाचत असतील आणि एकच सॉफ्टवेअर वापरत असतील, तर त्यांच्या चुका जुळ्या असू शकतात. उलट, एकाच घरातली दोन माणसं वेगवेगळ्या धंद्यांत मुरलेली असतील तर त्यांच्या चुका वेगळ्या दिशांना जातील. अचूकतेसाठी मोजायचं ते हे: चुकताना कोण कुणाबरोबर चुकतं.

ज्यांची उत्तरं आता कळली आहेत असे मागचे १० ते १५ प्रश्न घ्या. तक्त्यात प्रत्येकाची चूक चिन्हासकट लिहा, जास्त सांगितलं तर अधिक, कमी सांगितलं तर उणे. मग एकेक जोडी घ्या आणि किती वेळा दोघंही एकाच बाजूला चुकले ते मोजा. निम्म्या वेळा एकाच बाजूला असतील तर चुका स्वतंत्र आहेत, म्हणजे सहसंबंध (दोघांच्या चुका किती जुळतात याचं माप; ० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे पूर्ण) शून्याच्या जवळ. तीनपैकी दोन वेळा असतील तर सहसंबंध सुमारे ०.५. पाचपैकी चार वेळा असतील तर सुमारे ०.८. एवढ्या थोड्या प्रश्नांवर हे आकडे ढोबळच राहणार, पण ‘ही दोघं म्हणजे जवळपास एकच माणूस आहे’ हे कळायला तेवढे पुरतात.

जुनी नोंद नसेल तर प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: माहिती कुठून घेता, हिशेब कोणत्या पद्धतीने करता, आणि अंदाज चुकला तर बहुधा कशामुळे चुकेल? तिन्ही उत्तरं जुळणारी माणसं एका खुर्चीसाठीचे उमेदवार समजा.

पायरी ४: खुर्च्या भरा

सर्वांत जाणकार माणूस आधी बसवा. मग पुढच्या प्रत्येक खुर्चीसाठी विचारा: याची नेहमीची चूक पहिल्याच्या किती पट आहे, आणि दोघांच्या चुका किती जुळतात? चुका स्वतंत्र असतील तर दुसऱ्याची चूक १.७३ पटीपर्यंत मोठी असली तरी दोघांची साधी सरासरी एकट्या जाणकारापेक्षा सरस ठरते. सहसंबंध ०.५ असेल तर ही मर्यादा १.३ पटीवर येते, ०.८ असेल तर १.१ वर. वैविध्य आणि कुवत यांचा विनिमयाचा दर तो हाच. वेगळ्या पद्धतीने विचार करणाऱ्याला बरीच सूट देता येते, पहिल्याचीच प्रतिकृती असलेल्याला जवळजवळ काहीच नाही.

गट वाढतो तशी ही सूट कमी होते. सारख्याच कुवतीचे चार स्वतंत्र सदस्य आधीच असतील तर पाचव्याची चूक त्यांच्या दीडपटीच्या आत हवी, आणि कितीही मोठ्या गटात ही मर्यादा १.४१ च्या खाली जात नाही. चुका जुळत असतील तर इथेही ती आणखी आखडते.

किती माणसं घ्यायची? चुकांचा सरासरी सहसंबंध ०.५ असेल तर दहा माणसांचा गट १.८ स्वतंत्र माणसांइतकंच काम करतो. म्हणजे पूर्ण स्वतंत्र असे दोघे त्याला पुरून उरतात. सहसंबंध ०.२ असेल तर दहा जणांची किंमत ३.६ होते. हे काढायचं सूत्र सोपं आहे: माणसांची संख्या भागिले (१ अधिक, संख्येतून एक वजा करून गुणिले सहसंबंध). बहुतेक कामांना पाच ते सात पुरतात. माणसं वाढवण्याआधी सहसंबंध कमी करता येतो का ते बघा, कारण तो तसाच राहिला तर अकरावा आणि बारावा माणूस फक्त बैठक लांबवतो.

वेगळ्या बाजूचा माणूस एकटा बसवू नका. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी केलेल्या प्रयोगांत डोळ्यांसमोरच्या रेषेची लांबी सांगतानाही पुष्कळ जण चुकणाऱ्या बहुमतापुढे झुकले, आणि एक साथीदार मिळाल्यावर हे झुकणं खूपच कमी झालं. दोन खुर्च्या द्या. एकच देता येत असेल तर पुढची पायरी दुप्पट कडकपणे पाळा.

पायरी ५: बोलण्याआधी लिहून घ्या

एवढ्या कष्टाने जमवलेलं वैविध्य पहिल्या पाच मिनिटांत वाया जाऊ शकतं. पहिला बोलणारा एक आकडा सांगतो, बाकीचे त्याच्याभोवती गोळा होतात आणि सहसंबंध ०.२ वरून ०.८ वरही जाऊ शकतो. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगांत हेच दिसलं: इतरांचे अंदाज दाखवल्यावर उत्तरं एकमेकांजवळ आली आणि आत्मविश्वास वाढला, पण अचूकता सुधारली नाही.

म्हणून बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत प्रत्येकाकडून लेखी तीन गोष्टी मागवा: आकडा किंवा मत, त्याची दोन-तीन कारणं, आणि अशी एखादी माहिती जी इतरांकडे बहुधा नसेल. ते एकाच माणसाकडे जमा होऊ द्या. त्या माणसाला मताधिकार नसावा. ईमेल सगळ्यांना एकदम पाठवायला सांगू नका, दुसरं उत्तर पहिलं वाचूनच लिहिलं जातं.

पायरी ६: चर्चा माहितीसाठी, एकमतासाठी नाही

मानसशास्त्रज्ञ गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये गटांना माहिती वाटून दिली: काही सगळ्यांना ठाऊक, काही एकेकट्यालाच. सगळे तुकडे जोडले तर एक उमेदवार स्पष्टपणे सरस होता, तरी बहुतेक गटांनी दुसराच निवडला. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं त्यावरच बोलणं होत राहिलं. वेगळी माणसं जमवायची आणि त्यांच्याकडची वेगळी माहिती टेबलावर येऊच द्यायची नाही, याहून मोठी उधळपट्टी नाही.

चर्चा चालवणाऱ्याने आधी ‘इतरांकडे नसलेली माहिती’ वाचून दाखवावी, आकडे नंतर. सर्वांत कनिष्ठ किंवा नवखा आधी बोलेल, प्रमुख सर्वांत शेवटी. कुणाकडे कोणत्या भागाची खास माहिती आहे हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगा, म्हणजे त्या माणसाला विचारलं जातं. टोकाच्या दोन आकड्यांच्या धन्यांना एवढंच विचारा: ‘तुमचा आकडा बरोबर असायला काय खरं असावं लागेल?’ समर्थन मागितलं की माणूस बचावाला लागतो, अट विचारली की माहिती बाहेर येते.

नंतर प्रत्येकाने पुन्हा लेखी, स्वतंत्रपणे आकडा द्यावा. बदलण्याची सक्ती नाही. दुसऱ्या फेरीत सगळे अचानक एकाच आकड्यावर आले, आणि चर्चेत नवी माहिती आलेली नसेल, तर पहिल्या फेरीचे आकडे वापरा.

पायरी ७: मतं एकत्र करा

पाच-सहा आकडे असतील आणि एखादा भरकटलेला वाटत असेल तर मध्यक घ्या. सुरुवातीच्या उदाहरणात १०० दिवसवाला आल्यावर सरासरी ५५.७५ झाली, मध्यक मात्र ४६ राहिला. सगळेच किमान पातळीच्या वर असतील तर साधी सरासरी उत्तम. टोकाचा आकडा मुद्दाम गाळू नका. कधीकधी खरी माहिती त्या एकाकडेच असते, आणि ती तपासण्याची जागा सहावी पायरी होती.

जाणकाराला जास्त वजन द्यावं का? होय-नाही मतांसाठी याचं नेमकं उत्तर आहे. मतं स्वतंत्र असतील तर प्रत्येकाचं वजन बरोबर येण्याच्या आणि चुकण्याच्या शक्यतेच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमइतकं असावं. ६० टक्केवाल्याचं वजन १ धरलं तर ७० टक्केवाल्याचं २.१, ८० टक्केवाल्याचं ३.४ आणि ९० टक्केवाल्याचं ५.४ होतं. खरोखर ९० टक्के अचूक असलेल्या माणसाचं मत ६० टक्केवाल्या पाच जणांच्या एकमतालाही भारी पडतं, सहा जण मात्र त्याला मागे टाकतात. ५० टक्केवाल्याचं वजन शून्य. नुसती डोकी मोजणारं बहुमत इथे चुकतं आणि ‘साहेब म्हणतील तसं’ हेही चुकतं, कारण साहेबांचा आकडा ९० आहे हे कुणी तपासलेलंच नसतं.

ही वजनं नोंदीवरच द्या. वीसएक प्रश्नांची नोंद नसेल तर सगळ्यांना समान वजन द्या. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी १९७९ मध्ये दाखवलं होतं की समान वजनं आश्चर्य वाटावं इतकं चांगलं काम करतात. चुकीच्या माणसाला जास्त वजन दिल्याचं नुकसान मात्र मोठं असतं, आणि तो माणूस सहसा आवाज, हुद्दा आणि आत्मविश्वास पाहून निवडला जातो. नोंद पुरेशी असेल आणि सदस्यांच्या कुवतीत बराच फरक असेल, तर वरच्या पाच जणांची साधी सरासरी हा चांगला मधला मार्ग आहे. एकट्या ‘सर्वोत्तमा’वर विसंबण्यापेक्षा तो सुरक्षित असतो.

पायरी ८: नोंद ठेवा

प्रत्येक निर्णयासाठी एक ओळ: तारीख, प्रश्न, प्रत्येकाचा पहिल्या फेरीचा आकडा, दुसऱ्या फेरीचा आकडा, गटाचं उत्तर, आणि उत्तर कळेल ती तारीख. खऱ्या उत्तरासाठी शेवटी एक रकाना रिकामा ठेवा आणि ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. पहिल्या फेरीचे आकडे नंतर दुरुस्त करू देऊ नका. निकाल लागल्यावर ‘मी तेच म्हणत होतो’ असं प्रत्येकाला मनापासून वाटतं.

दर वीस प्रश्नांनंतर तीन गोष्टी काढा: प्रत्येकाची सरासरी चूक, जोड्यांच्या चुका किती वेळा एकाच बाजूला पडल्या, आणि दुसरी फेरी पहिलीपेक्षा बरी ठरली का. दुसरी फेरी सातत्याने वाईट ठरत असेल तर चर्चा बिघडली आहे, माणसं बदलण्याआधी सहावी पायरी तपासा. दोघांच्या चुका पाचपैकी चार वेळा एकाच बाजूला पडत असतील तर त्यातली एक खुर्ची मोकळी करा आणि तिथे वेगळ्या ठिकाणाहून माहिती घेणारा, पण किमान पातळी ओलांडणारा माणूस आणा.